गोड्या पाण्याची आंघोळ

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी जीपमधली रबरी मॅट उचलली आणि क्लचच्या पायटीजवळ पेचकस टेकवून जरा दाबला. शिळ्या भाकरीचा पापुद्रा फुटावा तसा पत्रा फुटला आणि पेचकस मुठीपर्यंत खाली गेला. काढून घेतला तर त्या भोकातून गोठ्याची जमीन दिसली, तिच्यावर पडलेलं कडब्याचं धांड दिसलं. वरून बघताना त्या तळाला काही झालंय असं कुणीही म्हटलं नसतं. हिरवा रंग जागच्या जागी होता. थोडा फुगलेला, एवढंच.

ही जीप बाबांनी १९८१ साली एका सरकारी लिलावात घेतली. महिंद्राची सीजे-३बी, मॉडेल १९६६चं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पूर्णा नदीच्या खोऱ्यात. तेव्हा गावापर्यंत डांबर आलेलं नव्हतं. पावसाळ्यात इथली काळी माती बैलगाडीच्या चाकाला अशी धरते की आरे दिसेनासे होतात, चाक म्हणजे मातीचा एक गोळाच होतो. त्या चार महिन्यांत गावाचा दर्यापूरशी जो काही संबंध राहायचा तो या जीपमुळे, तिची पुढची चाकंही ओढायची म्हणून. सरकीची पोती, खताच्या थैल्या, वऱ्हाड, साप चावलेला माणूस, अडलेली बाळंतीण, सगळं हिच्यातून गेलं. माझी धाकटी बहीण हिच्यातच जन्मायची, दवाखान्याचं फाटक वेळेवर आलं म्हणून राहिली.

२०१९ मध्ये बाबा गेले. शेवटचं दीड वर्ष आठवड्यातून दोनदा अकोल्याला डायलिसिस. आमच्या पट्ट्यात हा आजार काय आहे ते घरोघर माहीत आहे, त्यावर पुन्हा कधी लिहीन. जीप तेव्हापासून गोठ्यात उभी होती, कापसाच्या खोलीला लागून. भंगारवाला दोनदा येऊन किलोचा भाव सांगून गेला. दुसऱ्या वेळी आई ओट्यावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, "थे तोलून द्याची नाही." त्यानंतर आमच्या घरात तो विषय कुणी काढला नाही.

काम सुरू करण्याचं खरं निमित्त झाला माझा पुतण्या. तो पुण्यात नोकरीला आहे, इंजिनीअर आहे, गाड्यांचा त्याला मनापासून नाद आहे. होळीला आला तेव्हा त्यानं मोबाइलवर फोटो दाखवले. १९३२च्या फोर्ड गाड्या. मडगार्ड काढून टाकलेले, बोनटच्या बाजू उघड्या, पुढून खाली झुकलेल्या, मागे भलेमोठे टायर. वेगासाठी अशी बदललेली जुनी गाडी म्हणजे हॉट रॉड. "काका, आपल्या जीपची हॉट रॉड करू. मडगार्ड काढू, मोठं इंजिन बसवू, मंडी डबवालीवाले करतात ना जीपचं, त्याच्याही पुढचं करू." हरियाणातल्या सिरसा जिल्ह्यातलं डबवाली हे जुन्या जीप नव्या थाटात घडवून देणारं गाव, हे आमच्याकडच्या पोरांनाही पाठ आहे.

मी लगेच नाही म्हटलं नाही. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला बाबांच्या डोळ्यांत दिसायचं. म्हणून आधी हा प्रकार काय आहे ते वाचून काढलं.

फोर्डनं १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन दिलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. पुढे या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळायला लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं त्या घ्यायची आणि धावायला जे लागत नाही ते सगळं उतरवायची. मडगार्ड, बंपर, जमलं तर काचही. मग गाडी घेऊन वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर जायची, म्युरॉक, एल मिराज अशा ठिकाणी, आणि सपाट जमिनीवर घड्याळ लावून वेग मोजायची. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन संघटना बांधली. १९४९ पासून युटा राज्यातल्या बॉनविलच्या मिठागरावर त्यांचा वेगाचा मेळा भरायला लागला. मीठ म्हणजे खरंच मीठ, पांढरंशुभ्र, नजर पोचेल तिथपर्यंत. तिथून परतल्यावर ही मंडळी पहिलं काम काय करतात, तर गाडीचा कानाकोपरा गोड्या पाण्यानं धुतात. तळाखाली, चासीच्या पोकळीत, जिथे हात पोचत नाही तिथे पाण्याचा फवारा नेतात. मीठ आत राहिलं तर गाडी गेली, हे तिथे प्रत्येकाला माहीत असतं.

हे वाचलं त्या दिवशी ते फक्त वाचलं. त्याचा आमच्या गोठ्याशी काय संबंध ते पंधरा दिवसांनी कळलं.

पुतण्याला मी दुसरीच गोष्ट सांगितली. म्हटलं, अरे, ही जीप हॉट रॉड झालेलीच आहे. हिच्यात मूळचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, २.२ लीटरचं. त्याची ठेवण वेगळी. आत येणाऱ्या हवेचा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं, ते झाकायला बोनट उंच करावं लागलं, आणि सीजे-३बीला तो कपाळ मोठं असलेला चेहरा आला. अमेरिकेत विलीजनं हे मॉडेल १९५३ मध्ये काढलं आणि १९६८ला बंद केलं. आपल्याकडे महिंद्रानं १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली होती. हा उंच कपाळाचा चेहरा मग आपल्याच मातीतला होऊन गेला. लहानपणी जीप काढ म्हटलं की आम्ही हेच चित्र काढायचो, पट्ट्यांची जाळी आणि दोन गोल डोळे.

पण पेट्रोल परवडेना. १९९२ साली बाबांनी ते इंजिन उतरवलं आणि ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. विदर्भात गावोगाव कितीतरी जीपांचं हेच झालं. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी इंजिन बदललं ते ताशी दहा मैल वाढावेत म्हणून, आमच्या लोकांनी बदललं ते कापसाच्या पैशात लेकराची फी आणि गाडीचं तेल दोन्ही बसावं म्हणून. हात तोच, तोच पाना, तीच घरच्या अंगणातली हिंमत. मला आमच्या लोकांच्या त्या हिंमतीचा अभिमान वाटतो. तिचा इतिहास कुणी लिहिला नाही आणि त्या गाड्या एकेक करून किलोच्या भावानं गेल्या.

पुतण्या थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग आधी हिची बॉडी तं वाचवू."

मूर्तिजापूर रस्त्यावर एक चाचा आहेत, डेंटिंगचं काम करतात. पंचाहत्तरीच्या घरात असतील. बाबांना ओळखायचे. मी फोटो घेऊन गेलो तर त्यांनी फोटो बघितलेच नाहीत. "बापू, पत्रा फोटूत नाही समजत. वाजवा लागते." दुसऱ्या दिवशी स्वतः आले. खिशातून लहान हातोडी काढली आणि बाजारात बाई माठ वाजवून बघते तसं तळापासून वाजवत निघाले. चांगला पत्रा टण्ण बोलतो. गेलेला पत्रा थप्प. जिथे थप्प आलं तिथे खडूनं फुली. तासाभरात आमच्या जीपवर इतक्या फुल्या झाल्या की आई ओट्यावरून उठून बघायला आली.

बॉडी चासीवरून उतरवायला चार दिवस लागले. ती चासीला नट-बोल्टांनीच धरलेली असते, पण ते नट आता नट राहिले नव्हते. डिझेल आणि जळकं ऑइल मिसळून रोज सकाळ-संध्याकाळ पाजत होतो. काही सुटले, काहींना गॅसनं लाल करावं लागलं, तीन सरळ कापले. शेवटी भजनी मंडळातली आठ माणसं बोलावली, चार इकडून चार तिकडून, आणि विठ्ठलाचं नाव घेऊन बॉडी उचलून ऑइलच्या रिकाम्या ड्रमांवर ठेवली. मग ती आडवी केली आणि आम्ही पहिल्यांदा तिचं पोट बघितलं.

जीपच्या तळाला खालून टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या नळ्या आडव्या जोडलेल्या असतात. तळाला ताकद देणारी फासळीच म्हणा. चाचांनी एका नळीच्या तोंडात सळई घालून उकरलं. आतून माती पडली. काळी, दाबून दाबून विटेसारखी झालेली, आणि चैत्र तोंडावर असूनही मधोमध ओलसर. तिच्यात सरकीचे दाणे होते, कापसाचे धागे होते, आणि एक छोटं लाल प्लास्टिकचं बटण. शाळेच्या गणवेशाचं नव्हे, फ्रॉकचं. मातीला नळीच्या आतला आकार आला होता आणि तिच्या अंगावर गंजाचे पापुद्रे पुस्तकाच्या पानांसारखे चिकटले होते. नळीचा पत्रा म्हणून जे उरलं होतं ते बोटानं मोडत होतं.

"हा गंज बाहेरून नाही आला, बापू," चाचा म्हणाले, "आतून आला हाय." मग त्यांनी त्या मातीचा एक ढेकूळ घेऊन मोडला, बोट लावलं आणि जिभेला टेकवलं. थुंकले. "खारी हाय. गाडी कोन्या पाण्यानं धुवत होते पाटील?"

मी उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत होतं, गावातल्या कुणालाही माहीत होतं.

बाबा दर रविवारी जीप धुवायचे. पाऊस असो, सोंगणी असो. गाडगेबाबांचं जन्मगाव शेंडगाव आमच्या शेजारच्याच तालुक्यात, त्या मुलखात झाडून-धुवून ठेवणं ही भक्तीच आहे. बाबा सकाळी सातला बनियनवर बाहेर यायचे, बोअर चालू करायचे आणि पाइप धरायचे. आधी चाकं, मग तळ. तळावर ते पाइप बराच वेळ धरून ठेवायचे, माती सगळी निघून गेली पाहिजे म्हणून. आतून धुवायचे, दारं तर नव्हतीच. मग जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसायचे. वाळल्यावर बोनटवर पांढरे डाग उठायचे, ते रॉकेलच्या बोळ्यानं काढायचे. "वापरलं तं धुवून ठेवा," हे त्यांचं वाक्य फावड्यालाही लागू होतं, ताटालाही.

ते पांढरे डाग क्षारांचे होते. आमचा हा सगळा भाग खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला. जमीन खोल काळी, तिच्यात सोडियम फार, आणि खालचं पाणी खारट. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायला शहानूर धरणाचं नळाचं पाणी आलं ते पुढे, आणि तेही मोजून. ते जीपवर कोण ओतणार? जीपला मिळायचं बोअरचं.

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात हे शाळेत शिकलो होतो. मीठ काय करतं ते आता नीट समजून घेतलं. गंज ही आतून चालणारी वीज आहे. एकाच पत्र्याच्या एका जागेवरून लोखंड सुटतं आणि दुसऱ्या जागी हवेतला प्राणवायू ते देणं घेतो. मधला रस्ता असतो पाण्याचा. पाणी खारट असलं की तो रस्ता रुंद होतो. शिवाय मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून पत्रा वाळलेला दिसला तरी मिठाखाली वाळत नाही. आणि मला सगळ्यात अनपेक्षित वाटलं ते हे, की मातीच्या थराखाली हवा कमी पोचते आणि नेमकं तिथलंच लोखंड जास्त झिजतं. उघड्या पत्र्याला हवा मिळते, दबलेला पत्रा त्याची किंमत देतो. त्यात गंज लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो. दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला की फुगून त्यांना एकमेकांपासून दूर ढकलतो, वेल्डिंगचे टाके तोडतो, आणि आणखी पाण्याला वाट करून देतो. डिझेल इंजिनाच्या थरथरीनं जिथे जिथे बारीक भेगा पडल्या होत्या तिथे ही वाट आधीच तयार होती.

म्हणजे रविवारच्या रविवार, जवळजवळ अडतीस वर्षं, बाबा त्या नळ्यांमध्ये खारट पाणी भरत होते. ज्या जागी माती असेल असं त्यांना वाटायचं तिथेच पाइप जास्त वेळ धरत होते. जीप बाहेरून चमकत होती. आळस करणाऱ्या शेजाऱ्याची तशीच जीप, जी त्यांनी वर्षानुवर्षं धुतली नाही, ती कदाचित जास्त टिकली असती. हे लिहिताना मला त्रास होतो. त्यांच्या हातून काही चुकलं असं मला म्हणायचं नाही. त्यांच्याकडे जे पाणी होतं त्यानं त्यांनी धुतलं. तेच पाणी ते स्वतःही कितीतरी वर्षं प्याले.

त्या संध्याकाळी मी ते लाल बटण आईला दाखवलं. तिनं ते बघून लगेच ओळखलं. बहिणीच्या पाचव्या वाढदिवसाच्या फ्रॉकचं. आईनं ते देवघरातल्या वाटीत ठेवून दिलं.

उजव्या बाजूच्या पत्र्यावर मात्र राग येण्यासारखं निघालं. २००४ साली बहिणीच्या लग्नाआधी जीप रंगवायला दिली होती. तालुक्याच्या ठिकाणच्या एका कारागिरानं "नवी करून देतो" म्हणून घेतली आणि आठ दिवसांत चकाचक करून आणली. बाबा खूश होते, पैसे रोख दिले. आता ग्राइंडर लावला तर रंगाखाली बोटभर जाड पुट्टी, पुट्टीखाली गोणपाट, आणि गोणपाटाखाली गोळा करून कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद. भोक तसंच. पुट्टी ओल धरते, गोणपाट तर धरतंच, आणि आतला गंज पंधराहून जास्त वर्षं निवांत खात बसला होता. कागदाचा एक कोपरा शाबूत होता, त्यावर कुणाच्या तरी तेरवीची जाहिरात. गंजाला झाकणं सगळ्यात स्वस्त असतं, आणि ज्याचं झाकलं त्याला ते कळायला इतकी वर्षं जातात की जाब विचारायला तो उरत नाही. मी चाचांना विचारलं, तुम्ही पुट्टी लावतच नाही का? "लावतो. नखाएवढी. खड्डा भराले, भोक बुजवाले नाही."

गंज काढायला विदर्भाच्या उन्हाळ्यासारखा ऋतू नाही. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहिली की उघडं लोखंड सहसा गंजत नाही, आणि आमच्या एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा हवेत ओल औषधालाही नसते. कोकणात उघडा केलेला पत्रा सकाळपर्यंत तांबडा होतो म्हणतात. आमच्या गोठ्यात तो पाच आठवडे चांदीसारखा राहिला.

पत्र्याचं काम ग्राइंडर आणि तारेच्या ब्रशनं केलं. वरचा हिरवा, त्याखाली पांढरा, त्याखाली एक राखाडी निळा, त्याखाली तांबडा प्रायमर, आणि मग पत्रा. खुंटावर करवत मारल्यावर झाडाची वर्षं दिसतात तशी जीपची मालकी दिसत गेली. बारीक वस्तू, म्हणजे बिजागऱ्या, काचेच्या चौकटीचे हुक, बोनटच्या कड्या, या पुतण्यानं विजेनं साफ केल्या. प्लास्टिकचा ड्रम, धुण्याचा सोडा, बॅटरीचा चार्जर. गंजलेली वस्तू चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंडाचा तुकडा धन टोकाला. स्टीलचं भांडं धन टोकाला कधी लावू नये, त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. ड्रममधून हायड्रोजन निघतो, म्हणून ड्रम अंगणात, कडुलिंबाखाली, आणि आसपास विडी बंद. पाणी मात्र त्यानं हट्टानं गोडं घेतलं. नळाचं, दोन दिवस घरात काटकसर करून.

सांध्यांत, जिथे ब्रश पोचत नाही, तिथे चाचांनी हिरड्याचा काढा सांगितला. मला आधी पटलं नाही. किराणा दुकानातून अर्धा किलो हिरडा आणला, कुटला, लोखंडी कढई सोडून ॲल्युमिनियमच्या भगोण्यात उकळला आणि गाळून कुंच्यानं सांध्यात लावला. तांबडा गंज डोळ्यांदेखत जांभळा झाला, मग निळसर, आणि अर्ध्या तासात काळा कुळकुळीत. हिरड्यातलं टॅनिन गंजातल्या लोखंडाला धरतं आणि त्याचा एक काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ करतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचाच एक क्षार, मिसळून जी काळी शाई करत असत, तिच्यात हेच घडतं. बाजारात मिळणाऱ्या कित्येक गंजरोधक रसायनांमागेही हीच करामत आहे. खोल गंजाला हा उपाय नाही, सुटे पापुद्रे आधी खरवडून काढावेच लागतात. पण त्या दिवशी माझी बोटंही काळी झाली आणि चार दिवस जेवताना ती मला बघायला आवडत होती.

मधेच एकदा अवकाळी आला. वैशाखातली संध्याकाळ, वादळ, गारा थोड्या, तासभर पाऊस. बॉडीवर ताडपत्री होती, पाणी आत गेलं नाही, नुसती हवा दमट झाली. सकाळी ताडपत्री काढली तर बोनटच्या उघड्या पत्र्यावर एक पंजा उमटला होता. पाच बोटं, तळवा, अंगठ्याखालचा फुगवटा, अगदी रेषांसकट, तांबूस गंजात. आदल्या दिवशी बोनट फिरवताना मी घामेजल्या हातानं टेकलो होतो. घामातलं मीठ तेवढं रात्रभरात उगवलं. बाकी पत्रा कोरा. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. मग चाचा आले, बघून म्हणाले, "हात लावा पन फडकं घेऊन लावा," आणि काचपेपर माझ्या हातात दिला.

पत्रा जोडण्याचं काम मी बघत बसायचो. दर्यापूरहून १८ गेजची शीट आणली होती. चाचा आधी पुठ्ठ्याचा साचा कापायचे, तो बसवून बघायचे, मग पत्रा कापायचे. टाका एकदम ओढत नेला तर पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून एक टाका इथे, एक हातभर लांब, मग मधे, असे टाके टाकत जायचे आणि प्रत्येक टाक्यावर ओलं फडकं. तरी कुठे पत्रा फुगला तर ती जागा गॅसनं रुपयाएवढी लाल करायची, खाली लोखंडी ठोकळा धरून वरून हातोडीनं हलकेच बसवायची आणि लगेच ओलं फडकं दाबायचं. तापलेलं आकसतं आणि फुगवटा आपोआप ओढला जातो. हातोडीचे घाव इतके हलके की ऐकायला चिमणी दाणे टिपत्येय असं वाटावं. १९३२च्या फोर्डची बॉडी आता फायबरची किंवा नव्या पत्र्याची आयती मिळते असं पुतण्यानं सांगितलं, तेव्हा चाचांनी मान हलवली. "मिळत असंन. मंग जुनी गाडी कोठं राह्यली?"

किती कापायचं यावर एकदाच आमचा वाद झाला. तळ जवळजवळ सगळा गेला होता, नवा टाकणं सोपं. पण क्लचच्या पायटीमागे, जिथे बाबांची डावी टाच टेकायची, तिथे पत्रा वशिंडासारखा गुळगुळीत झाला होता, थोडा खोलगट. पेचकसाचं भोक त्याच्या चार बोटं पुढे. मी म्हटलं, एवढा तुकडा ठेवायचा. पुतण्या म्हणाला, काका, पत्रा पातळ झालाय तिथे, पुन्हा जाईल. चाचांनी दोघांचं ऐकलं, हातोडीनं वाजवलं. टण्ण नाही, थप्पही नाही, मधलं काहीतरी. मग त्यांनी तो तुकडा तळहाताएवढा कापून बाजूला काढला, मागून साफ केला, खालून नव्या पत्र्याचं अस्तर दिलं आणि चारी बाजूंनी टाके घालून परत बसवला. यात पूर्ण एक दिवस गेला. मजुरी त्यांनी त्या दिवसाची घेतली नाही.

२०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नसावा अशी अट आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. आमच्या जीपचं इंजिन कधीच बदललं. शिवाय तिला पेरणीच्या वेळी शेतात जायचं आहे. तो अर्ज मी केला नाही.

रंगाआधी प्रायमर. जुन्या काळी लोखंडाला शिशाचा तांबडा प्रायमर देत, तो म्हणजे आपला शेंदूरच, आमच्या वेशीवरच्या मारुतीच्या अंगावर थरावर थर बसलेला. तो विषारी म्हणून मागे पडला. नेहमीचा रेड ऑक्साइड स्वस्त, पण एकट्यानं तो पाणी पूर्ण अडवत नाही, म्हणून इपॉक्सी प्रायमर मारला, आणि नळ्यांच्या आत तर दोनदा. भर मेमध्ये दुपारी रंग मारला तर फवारा पत्र्यावर पडायच्या आधीच हवेत वाळतो आणि खरखरीत बसतो, म्हणून पहाटे पाचला सुरुवात आणि साडेसातला बंद. रंग आईनं निवडला. तिनं पांढऱ्याखालचा तो राखाडी निळा दाखवला. "आणली तवा हाच होता आतून. बोनटाच्या खाली."

शेवटचं काम चाचांनी कुणाला न विचारता केलं. प्रत्येक नळीच्या खालच्या अंगाला, सगळ्यात सखल जागी, त्यांनी ड्रिलनं करंगळीएवढं भोक पाडलं. एकूण बारा. कडा घासल्या, रंगवल्या. "आता पानी आत गेलं तरी थांबनार नाही."

मृग लागला. छपराच्या पन्हाळीखाली आम्ही दोन ड्रम ठेवले होते, ते पहिल्या दोन पावसांत भरले. रविवार होता. सकाळी सातला मी पावसाच्या पाण्याच्या बादल्या काढल्या आणि जीप धुतली. आधी चाकं, मग तळ. तळावर बराच वेळ पाणी ओतत राहिलो. पुतण्या सुट्टी काढून आला होता, तो बॅटरी घेऊन खाली सरपटला. मीही शेजारी गोणपाट टाकून आडवा झालो. भोकांतून पाणी पडत होतं, आधी धार, मग थेंब. तो मोजत होता.

"काका, अकरा आहेत. डावीकडचं मागचं थेंबून नाही राहिलं."

मी कडुलिंबाची काडी मागवली. आईनंच आणून दिली, वाकून. काडी भोकात घालून फिरवली, काळ्या मातीचा हरभऱ्याएवढा खडा खाली पडला, आणि त्याच्यामागून पाणी माझ्या मनगटावर आलं. मी ते जिभेला लावून बघितलं. गोडं होतं. आम्ही दोघं तिथेच पडून राहिलो, बाराही भोकं थांबेपर्यंत.